ध्वनीच्या लाटेवर इलेक्ट्रॉन: नाशिकच्या प्रयोगशाळेत बसून काय काय करता येतं

भौतिकशास्त्राच्या एमएस्सीला प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली की दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी 'अरुंद अर्धवाहक मार्गिकेतला ध्वनिविद्युत प्रवाह', म्हणजे ध्वनीच्या लाटेने इलेक्ट्रॉन ओढून आणलेला प्रवाह, असं लिहून आणतो. विषय देखणा आहे. अडचण अशी की खरा नमुना गॅलियम आर्सेनाइडचा, त्यावरच्या रेघा इलेक्ट्रॉन बीमने काढलेल्या आणि मोजमाप १ केल्विनच्या आसपास. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या कुठल्याही महाविद्यालयात यातलं काही मिळणार नाही. मग प्रोजेक्ट म्हणजे चार शोधनिबंध डाउनलोड करून त्यांचा सारांश, असं होऊन बसतं. ते करू नका. या विषयाचा कणा इथेच, काही हजार रुपयांत, हाताने तपासता येतो. त्याचा हा रस्ता.

कणा म्हणजे एक प्रश्न: मोजलेला प्रवाह ध्वनीने ओढून आणला, की ध्वनी तयार करायला दिलेल्या रेडिओ संकेतानेच तारांतून गळून पोचवला? दोन्हींची वारंवारता एकच असते, दोन्ही एकाच बटणाने चालू-बंद होतात. त्यांना वेगळं करते ती वेळ. स्फटिकाच्या पृष्ठभागावरून ध्वनी सेकंदाला तीन-चार किलोमीटर जातो, रेडिओलहर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. ध्वनी उशिरा येतो. हा उशीर ओळखायला आणि मोजायला शिकलात तर बाकीचं जमेल.

प्रकरण काय आहे

पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे व्होल्टेज दिलं की आकार बदलणाऱ्या आणि दाबलं की व्होल्टेज देणाऱ्या, स्फटिकावर अॅल्युमिनिअमच्या बारीक समांतर पट्ट्या एकाआड एक जोडून त्यांना उच्च वारंवारतेचा संकेत दिला की पृष्ठभाग थरथरतो आणि लाट पृष्ठभागालाच धरून पुढे सरकते. या पृष्ठीय लाटांचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडलं. विद्युत संकेताची अशी लाट बनवणारा हा पट्ट्यांचा ट्रान्सड्युसर १९६५ मध्ये व्हाइट आणि व्होल्टमर यांनी दाखवला. स्फटिक पिझोइलेक्ट्रिक असल्यामुळे लाटेबरोबर विद्युत विभवाचे उंचवटे आणि खळगेही चालत जातात. वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन असतील तर लाट त्यांना ढकलते आणि तेवढी स्वतः क्षीण होते. असा प्रवाह वाहील हे पारमेंटर यांनी १९५३ मध्ये सांगितलं होतं. लाटेची घट आणि त्यातून उपजणारं विद्युतक्षेत्र यांचं नातं वाइनरायख यांनी १९५७ मध्ये दिलं.

इथवर प्रवाह म्हणजे नुसती ओढ. मार्गिका अरुंद केली की चित्र बदलतं. गॅलियम आर्सेनाइड आणि अॅल्युमिनिअम गॅलियम आर्सेनाइड यांच्या सांध्यावर, पृष्ठभागाखाली साधारण १०० नॅनोमीटरवर, इलेक्ट्रॉनांचा पातळ थर असतो. वर धातूची दोन टोकं (यांना गेट म्हणतात) समोरासमोर ठेवून त्यांना ऋण व्होल्टेज दिलं की खालचे इलेक्ट्रॉन हटतात आणि मधे एक चिंचोळी वाट उरते. व्होल्टेज आणखी ऋण केलं तर तीही बंद होते आणि वाटेच्या जागी विभवाची टेकडी उभी राहते. आता लाट सोडली की तिचे खळगे इलेक्ट्रॉन घेऊन ती टेकडी चढतात. रहाटगाडग्याचं प्रत्येक गाडगं ठरलेलंच पाणी वर आणतं, तसा प्रत्येक खळगा ठरलेलेच इलेक्ट्रॉन पलीकडे टाकतो: एक, दोन किंवा तीन. म्हणून प्रवाहही पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. केंब्रिजच्या गटाने हे १९९६ मध्ये प्रसिद्ध केलं.

टप्पा पहिला: हिशेब हाताने

कॅल्क्युलेटर घ्या आणि तीन आकडे स्वतः काढा. या आकड्यांवर नजर बसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रवाह म्हणजे प्रत्येक खळग्यातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या गुणिले इलेक्ट्रॉनचा प्रभार गुणिले वारंवारता. प्रभार १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलोम. २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का आहे. वारंवारता २.७ गिगाहर्ट्झ धरा, म्हणजे सेकंदाला २७० कोटी खळगे. प्रत्येकात एक इलेक्ट्रॉन असेल तर प्रवाह ०.४३ नॅनोअँपिअर, दोन असतील तर ०.८७.

तरंगलांबी: गॅलियम आर्सेनाइडवर लाटेचा वेग सेकंदाला सुमारे २,८६० मीटर. भागाकार केला की १.०६ मायक्रोमीटर येतात. ट्रान्सड्युसरची प्रत्येक पट्टी याच्या पावपट, म्हणजे पाव मायक्रोमीटर रुंद. इलेक्ट्रॉन बीम का लागतो ते इथे कळतं.

उशीर: ट्रान्सड्युसर मार्गिकेपासून २.५ मिलिमीटरवर असेल तर ध्वनीला पोचायला ०.८७ मायक्रोसेकंद लागतात. रेडिओ संकेत तेवढ्याच अंतराला सेकंदाच्या अब्जांशाचाही शंभरावा भाग जेमतेम घेतो. हा ०.८७ चा आकडा वहीत वेगळा लिहून ठेवा, पाचव्या टप्प्यात तो लागणार आहे.

एक घोळ इथेच मिटवा, कारण तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. अरुंद मार्गिकेची वाहकताही पायऱ्यापायऱ्यांनी बदलते. ते १९८८ मध्ये दिसलं आणि त्या पायरीची उंची ७७.५ मायक्रोसीमेन्स आहे. ती गोष्ट वेगळी. तिथे मार्गिका उघडी असते, आपण दोन टोकांना व्होल्टेज लावतो आणि व्होल्टेज दुप्पट केलं की प्रवाह दुप्पट होतो. इथे मार्गिका बंद आहे, टोकांना व्होल्टेज लावलेलं नाही आणि पायरीची उंची फक्त वारंवारतेवर ठरते. दोन्ही आलेख दिसायला भावंडं आहेत, म्हणूनच गफलत होते.

टप्पा दुसरा: जुन्या टीव्हीतून ध्वनीचा उशीर मोजा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

पिक्चर ट्यूबच्या रंगीत टीव्हीत ट्यूनरच्या शेजारी पाच पायांचा एक चपटा प्लास्टिकचा किंवा पत्र्याच्या टोपीचा भाग असतो. रिपेअरवाले त्याला सॉ फिल्टर म्हणतात; सॉ म्हणजे 'सरफेस अकूस्टिक वेव्ह', आपली पृष्ठीय लाटच. आपल्याकडच्या टीव्हीत तो ३८.९ मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. आत बहुतेक वेळा लिथियम नायोबेटची चिप, तिच्या एका टोकाला संकेत देणारा ट्रान्सड्युसर आणि दुसऱ्या टोकाला घेणारा. सिडको, पंचवटी, नाशिकरोड, कुठल्याही जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मेलेले बोर्ड पडलेले असतात. पाच-सहा तरी आणा, त्यातला एखादा उघडताना मोडणारच. पत्र्याच्या टोपीचा मिळाला तर सोन्याहून पिवळं, तो उघडायला सोपा.

मोजायला नॅनोव्हीएनए, म्हणजे कुठल्या वारंवारतेचा संकेत किती आणि कोणत्या फेजने पलीकडे पोचतो ते दाखवणारं हातात मावणारं यंत्र. विभागात नसेल तर मागवून घ्यायला लावा. पुढे अँटेनापासून केबलपर्यंत सगळ्याला उपयोगी पडतो. फिल्टरचे पाय बहुतेक प्रकारांत असे असतात: पहिला इनपुट, दुसरा इनपुटचा ग्राउंड, तिसरा चिपखालच्या पत्र्याचा ग्राउंड, चौथा आणि पाचवा आउटपुट. आउटपुटपैकी एक पाय केबलच्या मधल्या तारेला, दुसरा ग्राउंडला. भागावरचा क्रमांक वाचून डेटाशीटवर एकदा पडताळून घ्या. इनपुट आणि आउटपुटच्या केबल आमनेसामने, एकमेकींपासून लांब येतील असं बसवा आणि मधे तांब्याचा पत्रा उभा करून तो ग्राउंडला जोडा. हा पत्रा नसेल तर रेडिओची गळती ध्वनीवर मात करेल.

३० ते ४८ मेगाहर्ट्झ स्वीप लावा. कॅलिब्रेशन याच पट्ट्यात, याच केबलना करायचं. पडद्यावर सहा-सात मेगाहर्ट्झ रुंदीचा उंचवटा दिसेल. वीसेक डेसिबलची घट दिसली तर घाबरू नका, हे फिल्टर असेच असतात. आता फेज बघा. उंचवट्याच्या आत फेज भराभर गोल फिरते. एक पूर्ण फेरा किती मेगाहर्ट्झमध्ये होतो ते वाचा आणि त्याचा व्यस्त घ्या, तोच उशीर. फेरा १ मेगाहर्ट्झमध्ये झाला तर उशीर १ मायक्रोसेकंद. एका फेऱ्यावर भिस्त ठेवू नका. उंचवट्यातले जमतील तितके फेरे मोजून सरासरी घ्या.

मग यंत्राची टाइम डोमेनची सोय चालू करा. १८ मेगाहर्ट्झच्या स्वीपला वेळेतली बारकाई सुमारे ५५ नॅनोसेकंदांची मिळते आणि १०१ बिंदूंना साडेपाच मायक्रोसेकंदांपर्यंत बघता येतं. आपल्याला पुरेसं आहे. शून्याजवळ एक छोटं टोक येईल, ती रेडिओची गळती. एक-दोन मायक्रोसेकंदांवर मोठं टोक, तो ध्वनी. त्याच्या तिप्पट वेळेवर आणखी एक दबकं टोक शोधा. लाट पलीकडे आपटून परत येते आणि पुन्हा जाते, त्याचं ते. टीव्हीच्या पडद्यावर यातूनच चित्रामागे सावली पडली असती, म्हणून फिल्टर बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम दाबलेलं असतं. दिसलं नाही तरी चालेल.

आता तांब्याचा पत्रा काढून टाका आणि पुन्हा स्वीप घ्या. शून्याजवळचं टोक वाढलेलं दिसेल आणि मघाचा गुळगुळीत उंचवटा खाली-वर होऊ लागेल. ध्वनी आणि गळती एकमेकांत मिसळून कधी बेरीज, कधी वजाबाकी होतेय. दोन शेजारच्या शिखरांतलं अंतर मोजा. ते उशिराचा व्यस्त येतं. अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यांत मोलाचं निरीक्षण हेच, त्याचे दोन्ही आलेख जपून ठेवा.

नंतर फिल्टर उघडा. पत्र्याची टोपी कानशीने कडेकडेने घासली की निघते. आतल्या जोडतारा केसाहून बारीक असतात आणि चिप काचेसारखी तडकते, तेव्हा चिमटा आत घालू नका. तिरक्या उजेडात पाहिलं की चिपच्या दोन टोकांना दोन राखी ठसे दिसतात आणि चिप हलवली की त्यांवर सप्तरंगी झाक फिरते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तेच ठसे पट्ट्यापट्ट्यांचे होतात, पट्ट्यांची लांबीही कमीजास्त. फिल्टरचा पल्ला या लांब-आखूडपणातूनच घडवलेला असतो. तरंगलांबी १०० मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे पट्टी फार तर पंचवीस मायक्रोमीटर. काही चिपांवर त्याच्या निम्मी.

बीएस्सीच्या लॅबमधला ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप इथे कामाला येतो. एका ठशाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि उशिराने भागा. उत्तर सेकंदाला साडेतीन ते चार हजार मीटरच्या दरम्यान आलं तर लिथियम नायोबेटवरची लाट मोजली असं बेधडक लिहा. नेमका आकडा स्फटिक कुठल्या दिशेने कापलाय त्यावर ठरतो.

शेवटचा पुरावा ग्लिसरीनचा. उघड्या चिपवर, दोन ट्रान्सड्युसरच्या मधल्या कोऱ्या जागेत, टाचणीच्या टोकाने ग्लिसरीनचा अगदी बारीक थेंब टेकवा. नजर पडद्यावर ठेवा. मोठं टोक खचतं, शून्याजवळचं टोक हलतही नाही. लाट द्रवात विरली, रेडिओला थेंबाशी काही देणंघेणं नाही. मी तरी एवढा स्वच्छ पुरावा पदवीच्या अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या प्रयोगात पाहिलेला नाही.

इथे एक शंका येईल: या चिपवर ध्वनिविद्युत प्रवाह का मिळत नाही? कारण लिथियम नायोबेट विद्युतरोधक आहे, ओढायला इलेक्ट्रॉनच नाहीत. वर सिलिकनचा तुकडा अगदी जवळ धरून त्यातले इलेक्ट्रॉन ओढण्याची युक्ती जुनी आहे. पण मधली फट मायक्रोमीटरच्या आत लागते आणि धुळीचा एक कण सगळं बिघडवतो. त्याच्या नादी लागू नका.

टप्पा तिसरा: अर्धा नॅनोअँपिअर

०.४३ नॅनोअँपिअर मल्टिमीटरच्या करंट रेंजवर दिसत नाही. एक आडवाट आहे: बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा व्होल्ट रेंजवरचा रोध १० मेगोहम असतो, त्यातून एवढा प्रवाह गेला तर ४.३ मिलिव्होल्ट दिसतील. पण ते ४.३ मिलिव्होल्ट मार्गिकेवर उलटे बसतात, आणि तिथला सगळा खेळ काही मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. मोजणाराच प्रयोग बिघडवतो. म्हणून करंट अॅम्प्लिफायर लागतो, जो आपल्या इनपुटला शून्य व्होल्टवर धरून ठेवतो.

तो तासाभरात जोडता येतो. सीए३१४० ऑप-अँप (संकेत वाढवणारी चिप) घ्या, इनपुटला तिचा स्वतःचा प्रवाह सुमारे १० पिकोअँपिअर. टीएल०७१ सहज मिळते, पण तिचा ६५ च्या घरात, म्हणजे आपल्या आकड्याच्या सातव्या भागाएवढा, शक्यतो टाळा. फीडबॅकला १० मेगोहमचे दहा रोध ओळीने, त्यांना समांतर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. वीज दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांची, अॅडॉप्टरची नको. सगळं स्टीलच्या डब्यात, डबा ग्राउंडला.

चाचणीसाठी पेन्सिल सेल, ३३ किलोओहम आणि १ किलोओहम. विभाजकातून ४४ मिलिव्होल्ट मिळतात. ते आणखी एका १०० मेगोहमच्या माळेतून इनपुटला दिले की ०.४४ नॅनोअँपिअर आत जातो आणि आउटपुटला उलट चिन्हाचे ४४ मिलिव्होल्ट यायला हवेत. सेल न जोडता आधी शून्य वाचून घ्या आणि वजा करा. पावसाळ्यात आकडा तरंगायला लागला तर ऑप-अँपचा दोष नाही: दमट हवेत बोर्डाच्या पृष्ठभागावरूनच एवढा प्रवाह गळतो. इनपुटचा पाय बोर्डाच्या भोकात न घालता वर वाकवून हवेतच जोडा, बोर्ड स्पिरिटने पुसा, हात लावू नका.

टप्पा चौथा: पठारं एक्सेलमध्ये उभी करा

शोधनिबंधांत दिसतात ती सपाट पठारं, म्हणजे गेटचं व्होल्टेज बदललं तरी प्रवाह तेवढाच राहतो ते पट्टे, कुठून येतात हे समजायला भारी सॉफ्टवेअर नको, एक्सेल पुरतं.

टेकडीचा आकार ठरवा. 'उंची भागिले कॉश वर्ग' हा सोयीचा. अंतर 'रुंदी' या आकड्याने भागून घ्यायचं, रुंदी अर्धा मायक्रोमीटर ठेवा. या आकाराचा सर्वांत तीव्र चढ ०.७७ गुणिले उंची भागिले रुंदी असतो. कलन येत असेल तर स्वतः पडताळा. लाटेची विभवातली उंची १० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट धरा, तरंगलांबी १ मायक्रोमीटर. लाटेचा स्वतःचा सर्वांत तीव्र चढ म्हणजे २π गुणिले लाटेची उंची भागिले तरंगलांबी, इथे मायक्रोमीटरला ६२.८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. टेकडीचा चढ याहून जास्त झाला की खळगा खळगाच राहत नाही, गाडगं कलंडतं.

पहिल्या स्तंभात टेकडीची उंची ४२ पासून २२ पर्यंत उतरती लिहा, अर्ध्या-अर्ध्या मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टने. प्रयोगात गेटचं ऋण व्होल्टेज कमी करत जातात, त्याचीच ही नक्कल. दुसऱ्यात टेकडीच्या चढाला लाटेच्या चढाने भागून येणारं गुणोत्तर. ते १ हून जास्त असेल त्या ओळींत प्रवाह शून्य. तिसऱ्यात खळग्याचा काठ, म्हणजे सर्वांत अवघड जागी खळगा किती खोल उरतो: एकातून गुणोत्तराचा वर्ग वजा करून त्याचं वर्गमूळ, त्यातून गुणोत्तर गुणिले त्याचा व्यस्त कोसाइन वजा करा आणि येईल त्याला लाटेच्या उंचीच्या दुपटीने गुणा. कोन रेडियनमध्ये. पडताळ्यासाठी: उंची ३६ ला काठ ०.८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ, ३४ ला १.३, २८ ला ३.४, २४ ला ५.१.

आता विषयाचं मर्म. खळग्यात एक इलेक्ट्रॉन बसलेला असताना दुसऱ्याला तो ढकलतो. गॅलियम आर्सेनाइडचा पारविद्युत स्थिरांक १२.९, दोन इलेक्ट्रॉन ५० नॅनोमीटरवर असतील तर ही ढकल सुमारे २.२ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. आपण २ धरू. मग पहिल्या इलेक्ट्रॉनला काठ पूर्ण मिळतो, दुसऱ्याला २ ने कमी, तिसऱ्याला ४ ने. काठ ऋण आला तर शून्य लिहा. पुढचे तीन स्तंभ हे.

निसटण्याची शक्यता: टेकडी चढायला लाटेला ०.१७ नॅनोसेकंद लागतात आणि त्यात इलेक्ट्रॉन शंभरेक वेळा काठाला धडकतो असं धरू. काठ भागिले ऊष्मा-ऊर्जा, त्याचा ऋण घातांक, गुणिले १००. या आकड्याचा पुन्हा ऋण घातांक घेतला की इलेक्ट्रॉन टिकून राहण्याची संभाव्यता मिळते. तिन्ही संभाव्यतांची बेरीज गुणिले ०.४३२ म्हणजे नॅनोअँपिअरमधला प्रवाह. आलेख काढा.

१.२ केल्विनला ऊष्मा-ऊर्जा ०.१०३ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. पहिली पायरी उंची ३७ च्या आसपास चढते, दुसरी ३० जवळ, तिसरी २५ च्या किंचित वर. मधे सपाट पठारं. पहिल्या पठाराच्या मध्यावर चूक दहा हजारांत एक-दोन भागांची येते.

मग फक्त तापमान बदला. ४.२ केल्विनला पायऱ्यांचे कोपरे गोल होतात, १० केल्विनला पठार म्हणावं असं काही उरत नाही. ७७ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये, पायरी सापडतच नाही. नाशिकजवळच्या निफाडला पारा ५ अंशांवर आला की पेपरात बातमी येते, पण तेही २७८ केल्विन आहेत आणि ऊष्मा-ऊर्जा २४ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट; इलेक्ट्रॉनांच्या ढकलीच्या बारापट. हा तापमानाचा आलेख प्रोजेक्टमध्ये घाला, परीक्षक त्यावरच थांबतात.

शंभरच्या जागी ३० किंवा ३०० घालूनही बघा. पायऱ्या थोड्या सरकतात, त्यांची उंची बदलत नाही. उंची वारंवारतेने ठरलेली आहे, आपल्या ढोबळ गृहीतकांनी नाही. आपलं प्रारूप बाळबोध आहेच: इलेक्ट्रॉनांचं पुंजयांत्रिक वागणं त्यात नाही, खळगा चढताना आक्रसतो तेही नाही. तरी पठार का येतं आणि का मोडतं, एवढं ते इमानाने सांगतं.

टप्पा पाचवा: दुसऱ्यांचा आलेख तपासा

आता शोधनिबंध उघडा आणि त्यातल्या प्रत्येक आलेखाला दुसऱ्या टप्प्यातला प्रश्न विचारा: हा ध्वनी कशावरून?

पहिली खूण वारंवारता. ट्रान्सड्युसर वारंवारतांच्या अरुंद पट्ट्यातच लाट काढतो. ७० जोड्या पट्ट्या असतील तर २.७ गिगाहर्ट्झला हा पट्टा जेमतेम ४० मेगाहर्ट्झ रुंद. प्रवाह त्या पट्ट्यातच येत असेल तर ध्वनी. पट्ट्याबाहेरही रेंगाळत असेल तर गळती आहे: रेडिओ संकेत गेटवर पडतो, मार्गिकेची वाहकता सरळ रेषेत नसल्यामुळे त्याचं एकदिश प्रवाहात रूपांतर होतं आणि मीटर तोही इमानेइतबारे दाखवतो.

दुसरी खूण दिशा. मार्गिकेच्या पलीकडच्या बाजूचा ट्रान्सड्युसर चालवला तर प्रवाह उलटा व्हायला हवा.

तिसरी तुमच्या ओळखीची. प्रवाहाचा वारंवारतेविरुद्ध आलेख बारकाईने काढला की पट्ट्याच्या आत लहान लहान शिखरं दिसतात. त्यांच्यातलं अंतर मोजा. २.५ मिलिमीटर आणि ०.८७ मायक्रोसेकंदांच्या उपकरणात ते १.१ मेगाहर्ट्झच्या जवळपास यायला हवं. तांब्याचा पत्रा काढल्यावर टीव्हीच्या फिल्टरमध्ये दिसलं होतं तेच हे, ध्वनी आणि गळती एकमेकांत मिसळल्याचं. आणि याचा त्रास खरा आहे: गळतीमुळे टेकडी लाटेच्याच तालावर वर-खाली होते, त्यामुळे काही वारंवारतांना पठार छान सपाट येतं, शेजारच्याच वारंवारतेला तिरकं. ज्या निबंधात एकाच वारंवारतेचं सुंदर पठार दिलंय आणि आजूबाजूचं काहीच नाही, तिथे जरा थबका.

खात्री करण्याचा आणखी एक उपाय म्हणजे संकेत सलग न देता तुकड्यांनी देणं. तुकडा उशिरापेक्षा आखूड ठेवला, म्हणजे इथे ०.८७ मायक्रोसेकंदाच्या आत, तर लाट मार्गिकेत शिरते तेव्हा रेडिओ संकेत बंद झालेला असतो. टेकडी स्थिर राहते आणि पठार सुधारतं का ते बघता येतं.

सपाटपणाचं काय झालं, तेही सांगतो. विद्युतप्रवाहाचं मानक म्हणून हे वापरता येईल अशी नव्वदच्या दशकात मोठी आशा होती. पठारं दहा हजारांत काही भागांच्या पुढे फारशी सपाट होईनात. मानकाच्या शर्यतीत गेटनेच खळगा बनवून इलेक्ट्रॉन पलीकडे टाकणारे पंप पुढे गेले. २०१२ मध्ये अशा पंपाने ९४५ मेगाहर्ट्झला दहा लाखांत एखाद्या भागाच्या पातळीची अचूकता गाठली. ध्वनीच्या लाटेने मात्र दुसरीकडे जम बसवला. २०११ मध्ये केंब्रिज आणि ग्रनोबल इथल्या दोन गटांनी एकच इलेक्ट्रॉन लाटेवर बसवून काही मायक्रोमीटरवरच्या दुसऱ्या पुंजबिंदूत (इलेक्ट्रॉन अडकवून ठेवणाऱ्या सूक्ष्म जागेत, क्वांटम डॉटमध्ये) अलगद उतरवून दाखवला. प्रस्तावनेत 'प्रवाहाचं भावी मानक' असं लिहिणार असाल तर ते वाक्य खोडा आणि हे लिहा.

खरंच नमुना करायचा असेल तर

आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथल्या नॅनोनिर्मितीच्या सोयी बाहेरच्या महाविद्यालयांतल्या संशोधकांना 'इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम'मधून वापरता येतात. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडली तर मुंबईत दिवसभराचं काम होतं. मात्र पहिल्याच प्रस्तावात १ केल्विन आणि पाव मायक्रोमीटर मागू नका. लिथियम नायोबेटवर दहा मायक्रोमीटरच्या पट्ट्या, साध्या फोटोलिथोग्राफीने, एवढंच मागा. पट्टी पावपट धरली तर तरंगलांबी ४० मायक्रोमीटर होते आणि वारंवारता १०० मेगाहर्ट्झच्या आसपास येते, जी तुमचा नॅनोव्हीएनए आरामात मोजतो. प्रस्तावासोबत दोनच आलेख जोडा: पत्रा असतानाचा आणि नसतानाचा. शिखरांमधलं अंतर पेनाने खूण करून दाखवा आणि शेजारी ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने मोजलेलं ट्रान्सड्युसरमधलं अंतर लिहा.